मामांचे कोरे ट्रॅक, जुना ॲम्प : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

गिटारचा ॲम्प आज घरी आला. कोल्हापुरातल्या गंगावेशीजवळच्या मेकॅनिक काकांचा दुपारी फोन आला, "घेऊन जावा, बोलायला लागलाय." रिक्षात दोन्ही पायांच्या मध्ये धरून आणला.

ॲम्प मामांचा. १९८० च्या आसपास गावातल्याच एका रेडिओ मेकॅनिकने ऑर्केस्ट्रासाठी बांधून दिलेला. पुढे दोन ईसीसी ८३, शेवटी ईएल ८४ ची जोडी, सगळे व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या) भारत इलेक्ट्रॉनिक्सचे. साधारण १५ वॅटचा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शाहूपुरी कुंभार गल्लीत पाणी शिरलं तेव्हा घरातलं बाकी सामान माळ्यावर चढलं, ॲम्प खाली राहिला. पाणी उतरल्यावर मागची फळी काढली तर आत बोटभर गाळ. प्लायवूड फुगलेलं, स्पीकरच्या कागदाचा लगदा, आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेलेला.

त्यानंतर जानेवारी २०२० मध्ये मामांनी स्वतः बांधलेल्या सहा चाली मी मंगळवार पेठेतल्या माझ्या खोलीत रेकॉर्ड केल्या. ॲम्प नव्हता, म्हणून गिटार थेट इंटरफेसला (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा-आणणारा डबा) लावली. ॲम्प दुरुस्त झाला की त्यातून काढू, असं तेव्हा बोलून ठेवलं होतं. पुढे लॉकडाऊन आला. मग २०२२ पासून मामांच्या डाव्या हाताच्या बोटांचे सांधे धरले. आता त्यांना बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा धरायचा) दाबता येत नाही. म्हणजे या सहा चाली मामांच्या हातून पुन्हा वाजणार नाहीत. जे आहे ते हार्ड डिस्कवर आहे.

काम असं आहे: रेकॉर्ड केलेला कोरा गिटारचा आवाज कॉम्प्युटरमधून बाहेर काढायचा, तो ॲम्पमध्ये घालायचा, ॲम्पसमोर माइक लावून पुन्हा रेकॉर्ड करायचा. स्टुडिओवाले हे आधीपासून आपापल्या जुगाडाने करत होते. १९९० च्या दशकात जॉन क्युनिबर्टी या अमेरिकन रेकॉर्डिंग इंजिनिअरने त्यासाठी 'रीॲम्प' नावाचा छोटा बॉक्स काढला आणि पुढे या सगळ्या कामालाच रीॲम्पिंग म्हणू लागले.

ॲम्पमध्ये काय बदललं ते इथे लिहून ठेवतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर उद्यमनगरात, कारखान्यांच्या वसाहतीत, नव्याने गुंडाळला. फिल्टरचे सगळे कपॅसिटर नवे. कॅबिनेट नवं, १२ इंची स्पीकर नवा. पॉवर ट्रान्सफॉर्मर जुनाच, वाळवून, वार्निश मारून, मेगरवर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) तपासून परत बसवला. पूर्वी दोनच वायरची कॉर्ड होती, काकांनी आता तीन वायरची लावून अर्थिंग थेट चासीला (धातूच्या सांगाड्याला) जोडलं. व्हॉल्व्ह जुनेच चालले, काच धुऊन पिना घासल्यावर.

८ जानेवारी, बुधवार

जुनं सेशन उघडलं. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. सहा चाली, प्रत्येकीत एक मुख्य गिटार, दोनमध्ये जोडीला ऱ्हिदम. एकूण आठ ट्रॅक.

सर्वांत मोठी पीक उणे ९ डीबी (शून्याच्या वर गेली की आवाज फाटतो). कुठेही फाटलेलं नाही, हे पाहून जीव भांड्यात पडला. कोरा ट्रॅक वर आपटून फाटला असेल तर पुढे कितीही चांगला ॲम्प आणा, ती फाट तशीच पुढे जाते, उलट मोठी होते.

हेडफोनवर कोरा आवाज ऐकायला अगदी कोरडा वाटतो, पत्र्यावर तार ओढल्यासारखा. पण बोटं जितकी स्पष्ट या आवाजात दिसतात तितकी पुढे कधीच दिसत नाहीत. मामा नखी फक्त ठळक ओळींना वापरतात, एरवी अंगठ्याच्या कडेने वाजवतात. तिसऱ्या चालीत ५२ व्या सेकंदाला अंगठ्यावरून नखीवर जातात. ती नखी बोटांत फिरवून घेतानाचा बारीक 'टिक्' सुद्धा आहे.

कापाकापी आजच उरकली. दोन टेक जिथे जोडलेत तिथे फेड बरोबर घातले. कोऱ्या ट्रॅकवर ऐकू न येणारी जोडणीची टिचकी ॲम्प तापला की फटाक्यासारखी वाजते, म्हणून हे काम आधी करायचं. गप्प जागांमधला हिस्स, ती बारीक सळसळ, मात्र ठेवला. नॉईज गेट (हळू आवाज आपोआप बंद करणारा) लावायचा झालाच तर ॲम्पनंतर. आधी लावला तर तारेचं शेवटचं विरणं कापलं जातं.

एक गोष्ट २०२० मध्ये नशिबाने बरोबर केली होती. मामांच्या कानात मी कोरा आवाज दिला नव्हता, कॉम्प्युटरमधल्या ॲम्पच्या प्लगइनमधून दिला होता. कोरा आवाज ऐकत वाजवलं की माणूस जोर लावतो, सूर लांबत नाही म्हणून घाईने पुढचा धरतो. मामांचे सूर पूर्ण लांबलेत.

११ जानेवारी, शनिवार

पहिला प्रयत्न. रीॲम्प बॉक्स नाही, म्हणून घरातला साधा पॅसिव्ह डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल उतरवून माइकच्या इनपुटला देणारा) उलटा लावला. इंटरफेसचं आउटपुट त्याच्या एक्सएलआरमध्ये (माइकच्या वायरीचा तीन पिनांचा सॉकेट), आणि जिथे गिटार लागते त्या जॅकमधून ॲम्पला वायर.

आवाज आला, पण भयंकर. पहिल्या सुरापासून ॲम्प ओरडत होता. कारण उघड आहे. डीआयमधला ट्रान्सफॉर्मर साधारण १२ ला १ या प्रमाणात व्होल्टेज उतरवतो. उलटा लावला की तेवढंच चढवतो, म्हणजे २१ डीबीच्या वर. इंटरफेसचं लाइन आउटपुट आधीच गिटारपेक्षा तगडं. लाइन लेव्हल म्हणजे सव्वा व्होल्टच्या आसपास, आणि गिटारचा पिकअप (तारांखालची चुंबकाची कॉइल) सर्वसाधारणपणे एक-दोन दशांश व्होल्ट देतो, जोरात मारलं तरच क्षणभर एक व्होल्टाकडे जातो. त्यात हा चढाव.

मग कॉम्प्युटरमधला फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) खूप खाली ओढला. लेव्हल जमली, पण हिस्स वर आला, कारण इंटरफेसचा स्वतःचा हिस्सही ट्रान्सफॉर्मर तितकाच चढवतो आणि फेडर खाली केल्याने तो कमी होत नाही.

उलट्या डीआयमध्ये एक चांगली गोष्ट आहे, ती विसरायची नाही. व्होल्टेज १२ पट चढतं तेव्हा इम्पीडन्स (सिग्नलच्या वाटेतला अडथळा) १४४ पट चढतो. इंटरफेसचे १०० ओहम ॲम्पला १४ किलोओहमसारखे दिसतात, म्हणजे साधारण पिकअपसारखे. पुढे फझ पेडल (आवाज मुद्दाम फाडणारा) लावताना हे उपयोगी पडेल असं वाटतं.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

तिळगूळ घेऊन मामांकडे. मामींनी बसवून जेवायलाच घातलं. मामांना विचारलं, ऑर्केस्ट्रात असताना ॲम्प कुठे ठेवायचा? म्हणाले, "मागं, लाकडी खुर्चीवर. आनी मी त्याच्या फुडं दोन पावलं, तिरका हुबा. स्पीकर माझ्या मांडीला लागायचा, कानाला न्हाई."

मग केशवराव भोसले नाट्यगृहाच्या गोष्टी निघाल्या. त्या रंगमंचावर मामांनी किती कार्यक्रम केले याची मोजदाद त्यांच्याकडेही नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री तिथे आग लागली तेव्हा ते शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या बाजूला जाऊन उभे होते, पहाटेपर्यंत. बोलता बोलता गप्प झाले. मीही काही विचारलं नाही.

खुर्ची आणि तिरकं उभं राहणं हे वहीत लिहून घेतलं.

१६ जानेवारी, गुरुवार

स्वतःचा बॉक्स बांधला. आत काहीच गूढ नाही. लाइनसाठीचा ६०० ओहमला ६०० ओहम असा एकास एक ट्रान्सफॉर्मर, त्यापुढे १० किलोओहमचं पॉट (लेव्हल कमी-जास्त करायचं फिरतं बटण), मग जॅक. ग्राउंड लिफ्टचा, म्हणजे सिग्नलचं ग्राउंड तोडायचा, एक स्विच. आणि दुसरा स्विच असा की तो दाबला की आउटपुटच्या वाटेत १० किलोओहमचा रेझिस्टर येतो. डबा ॲल्युमिनियमचा, भोकं मावसभावाने उद्यमनगरातल्या त्याच्या वर्कशॉपमध्ये पाडून दिली. त्याने कडा इतक्या स्वच्छ काढल्यात की नट हाताने बसले.

ट्रान्सफॉर्मरचं खरं काम दोन बाजू विजेने वेगळ्या ठेवणं. कॉम्प्युटरचं अर्थिंग एका वाटेने जातं, ॲम्पचं दुसऱ्या. दोन्ही सिग्नलच्या वायरीच्या शील्डने जोडले की मोठं वेटोळं तयार होतं आणि त्यात ५० हर्ट्‌झचा हम शिरतो. संध्याकाळी जोडून पाहिलं. लिफ्टचा स्विच बंद असताना घुमल्यासारखा हम, स्विच टाकल्यावर गायब. मग ॲम्पची इनपुट वायरच काढली, तरी एक हलका हम शिल्लक. तो १०० हर्ट्‌झचा, ॲम्पच्या स्वतःच्या पॉवर सप्लायचा. इतका चालेल.

इथे एक गोष्ट कळकळीने लिहितो, कारण आपल्याकडे स्टेजवर हे सर्रास होतं. हम घालवायला प्लगची तिसरी पिन काढतात किंवा टू-पिन लावतात. या ॲम्पच्या आत ३०० व्होल्टच्या आसपास डीसी आहे. अर्थिंग काढलं आणि आत काही सुटून चासीला लागलं, तर वाट गिटारवाल्याच्या तारेवरच्या हातातून आणि माइकला लागलेल्या ओठातून जाते. लिफ्ट करायचं ते सिग्नलचं ग्राउंड, बॉक्सवर. मेन्सचं अर्थिंग कधीच नाही.

१९ जानेवारी, रविवार

आजचा दिवस या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा, म्हणून सविस्तर.

काल रात्री बॉक्समधून तिसरी चाल ॲम्पला दिली, पॉट कानाने लावलं, मोबाईलवर रेकॉर्ड करून मामांना पाठवली. सकाळी त्यांचा फोन आला. "आवाज माझ्या ॲम्पचा हाय, पर हात माझा न्हाई. हितं मी हळू वाजवलंय लेका. सगळं एकाच जोरात ऐकू येतंय."

५२ व्या सेकंदाचीच ती जागा. अंगठा ते नखी. कोऱ्या ट्रॅकवर तिथे जवळजवळ दुप्पट उडी दिसते, आणि ॲम्पमधून आल्यावर ती उडी सपाट. मी ॲम्पला गिटारपेक्षा जास्त व्होल्टेज देत होतो. व्हॉल्व्ह अंगठ्याच्या सुरावरच दाबायला लागला होता, नखी आली तेव्हा वर जायला जागाच उरली नव्हती. कानाला तो दाबलेला आवाज छान, भरलेला वाटतो, तिथेच फसायला होतं.

म्हणजे ॲम्पला मामांच्या गिटारने जेवढे व्होल्ट त्या दिवशी दिले असते, नेमके तेवढेच मिळाले पाहिजेत. थोडं जास्त, थोडं कमी असं चालणार नाही. आणि ते कानावर सोडायचं नाही, मोजायचं.

मोजायची रीत सोपी निघाली. इंटरफेस तोच आहे. २०२० मध्ये त्याचं गेनचं बटण कुठे होतं याचा फोटो फोनमध्ये सापडला, खूण साधारण १० वाजताच्या जागी. बटण तिथे आणलं. मग २०० हर्ट्‌झचा साधा सूर उणे १८ डीबीवर आउटपुटमधून बाहेर काढला, बॉक्समधून नेला आणि ॲम्पऐवजी त्याच इंटरफेसच्या त्याच गिटार इनपुटमध्ये परत आणला. ट्रॅकवर तो उणे ७ वर आला. ११ डीबी जास्त! आता पॉट फिरवत गेलो, परतलेला सूर उणे १८ वर बसेपर्यंत. बाहेर जेवढा गेला तेवढाच आत आला, याचा अर्थ गिटारने त्या दिवशी या इनपुटला जे व्होल्टेज दिलं होतं तेच आता बॉक्सच्या जॅकवर येतंय. वायर काढली आणि ॲम्पला लावली. इंटरफेसचं गिटार इनपुट १ मेगओहमचं, ॲम्पचं इनपुटही १ मेगओहमचं, म्हणून ओझंही सारखंच.

२०० हर्ट्‌झ घेतला कारण पडताळणीला मल्टिमीटर लावायचा होता. स्वस्त मीटर जास्त फ्रिक्वेन्सीला एसी नीट दाखवत नाहीत.

पॉटच्या जागेवर डब्यावर बहिणीच्या नेलपॉलिशची लाल रेघ ओढली.

मग तिसरी चाल लावली. ५२ वा सेकंद आला. अंगठा मऊ, गोल, ॲम्प स्वच्छ. नखी लागली आणि ॲम्प किंचित चिडला, कडेला खरखरला, पुन्हा अंगठा आला तसा शांत झाला. मी एकटाच खोलीत होतो, डोळ्यांत पाणी आलं. पाच वर्षं ती फाईल माझ्याकडे होती आणि तिच्यात हे होतं.

मामांना पाठवलं. उत्तर एका ओळीचं: "आता वळाकला."

२५ जानेवारी, शनिवार

खोलीत हा ॲम्प हव्या त्या आवाजावर चालवता येत नाही. १५ वॅट ऐकायला कमी वाटतात, पण ईएल ८४ ची जोडी खुलते तिथे खालच्या मजल्यावरची भांडी वाजतात. उद्या सुट्टी, उद्यमनगर बंद. मावसभाऊ शेडची किल्ली देतो म्हणाला. "भावा, दिवसभर वाजीव, कोन इचारनार न्हाई."

संध्याकाळी जाऊन तयारी केली. पत्र्याचं छप्पर, तीन लेथ, एक ड्रिल, मध्ये चेन ब्लॉकचा गर्डर. टाळी वाजवली की 'टर्रर्र' असा प्रतिध्वनी. घरून पाच वाकळी नेल्या आणि गर्डरवर टाकून ॲम्पच्या तीन बाजूंनी सोडल्या. जुन्या नऊवारींच्या वाकळी, आजीच्या हातच्या, एकेक उचलताना दोन हात लागतात. बाजारातला फोम एवढा आवाज पीत नाही.

इथे एक धोका आहे जो स्टुडिओत कुणाला कळणार नाही: लोखंडाचा कीस. जमिनीवर, बाकावर, हवेत सगळीकडे. स्पीकरच्या मागे मोठा चुंबक. कीस कॉइलच्या फटीत शिरला की स्पीकर कायमचा खरवडतो. जमीन दोनदा झाडली, ओल्या फडक्याने पुसली, ॲम्पच्या मागच्या बाजूला मलमलचं कापड ताणून बांधलं, आणि ॲम्प लाकडी खुर्चीवर ठेवला. मामांची होती तशीच खुर्ची.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी सातपासून सगळ्या पेठांत देशभक्तीची गाणी आणि जिलेबीच्या कढया. अर्धा किलो जिलेबी घेऊन शेडमध्ये. झेंडावंदनाचे लाउडस्पीकर थांबेपर्यंत नुसती मांडणी केली.

माइक शुअर एसएम ५७. हा माइक १९६५ पासून बाजारात आहे आणि गिटारच्या ॲम्पसमोर त्याच्याइतका खात्रीचा दुसरा माझ्याकडे नाही. स्पीकरच्या जाळीपासून तीन सेंटीमीटरवर. कुठे ठेवायचा यात तास गेला आणि तो सार्थकी लागला. मधल्या टोपीच्या बरोबर समोर ठेवला तर कर्कश, सुरी धार लावल्यासारखा. बाहेर कडेकडे नेला तर धूसर. टोपी जिथे कागदाला चिकटते त्या गोल रेघेवर आणला तेव्हा नखीची धार आणि अंगठ्याचा मऊपणा दोन्ही एकत्र मिळाले. रेघेपासून एक सेंटीमीटर सरकलं तरी फरक कळत होता. मावसभाऊ टॉर्च धरून जाळीतून टोपी दाखवत होता आणि मी हेडफोन लावून बोट-बोट माइक सरकवत होतो. माणूस वाजवत असता तर त्याला तासभर तेच चार बार (तालाचे तुकडे) वाजवायला लावणं झालं नसतं. इथे मामांचा तोच टेक शंभरदा, न थकता.

पहिली, दुसरी, चौथी चाल झाली. चौथीला मामांचा जुना ओव्हरड्राइव्ह पेडल लावला, टीएस ८०८ या नावाजलेल्या पेडलच्या सर्किटवर बांधलेला. गेन जवळजवळ शून्यावर, व्हॉल्यूम वर. या सर्किटमध्ये ७२० हर्ट्‌झच्या खालचा भाग कमी चढवला जातो, म्हणून खर्जाच्या तारा चिखलासारख्या होत नाहीत आणि मधली ओळ पुढे येते. ॲम्पचे व्हॉल्व्ह आधीच भरलेले असताना पेडलने फक्त धक्का द्यायचा.

दुपारी साडेतीननंतर कुठलातरी सामना सुटला असावा, स्टेडियमच्या बाजूने फटाक्यांची माळ. दुसऱ्या चालीचा एक टेक त्यात गेला. पुन्हा घेतला. तोही मामांना त्रास न देता.

२९ जानेवारी, बुधवार

मामांना तिन्ही चाली मोठ्या स्पीकरवर ऐकवल्या. आवडल्या. पण पहिलीवर थांबले. "लई जवळ वाटतंय. कुनीतरी कानात वाजिवल्यागत. मला असा कधी ऐकूच आला न्हाई."

संक्रांतीची नोंद काढून वाचली. स्पीकर मांडीला लागायचा, कानाला नाही. १२ इंची स्पीकरचा वरचा, टोकदार आवाज सरळ पुढे झोतासारखा जातो, कडेला फारसा पसरत नाही. मामा तिरके उभे, कान स्पीकरपेक्षा दोन-अडीच फूट वर. टोकदार भाग त्यांच्या पायांजवळून जात होता आणि त्यांच्या कानावर गोल आवाज यायचा. आयुष्यभर त्यांनी त्या जागेवरून ऐकून हात ठरवला. आणि मी तीन सेंटीमीटरवरून ऐकतोय.

२ फेब्रुवारी, रविवार

शेड पुन्हा, संध्याकाळी सातनंतर. आज दोन माइक. एसएम ५७ त्याच जागी, जाळीवर पांढऱ्या पेन्सिलची खूण होती. दुसरा, कंडेन्सर, स्टँडवर मामांच्या कानाच्या उंचीला, ॲम्पपासून दोन पावलं, तिरका. मावसभावाची उंची मामांएवढी, त्यालाच उभं करून कानाची जागा मोजली.

फक्त दुसरा माइक ऐकला तर शेडचा पत्रा जास्त येतो. फक्त पहिला ऐकला तर मामा म्हणाले तसं कानात. दोन्ही मिसळले, जवळचा मोठा आणि लांबचा त्याच्या खाली, तर खोली दिसायला लागते.

मिसळताना एक तपासणी लागतेच. लांबचा माइक जवळच्यापेक्षा ९७ सेंटीमीटर मागे निघाला. आवाजाला तेवढं अंतर कापायला २.८ मिलिसेकंद लागतात, ४८ किलोहर्ट्‌झला साधारण १३५ सॅम्पल (रेकॉर्डिंगचे सुटे नमुने). दोन ट्रॅक एकत्र केले की काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खातात. लांबचा ट्रॅक १३५ सॅम्पल पुढे ओढून पाहिला. आवाज जाड झाला, पण अंतर नाहीसं झालं, मामा पुन्हा ॲम्पला चिकटले. म्हणून परत जागेवर ठेवला. मग पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटी करून ऐकलं, खर्ज पातळ झाला, म्हणजे आधीचीच बरोबर. शेवटी स्टँड चार बोटं मागे-पुढे करत खर्ज भरून येईल तिथे थांबवला. कॉम्प्युटरमध्ये ओढाताण करण्यापेक्षा स्टँड हलवणं मला नेहमी बरं पडतं.

पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, चारही आजच्या मांडणीत पुन्हा काढल्या. पाचवीही झाली. रात्री साडेअकरा.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सहावी चाल. हिच्यात मामांना फझ हवा होता, आणि तो लावल्यापासून दोन दिवस डोकं धरून बसलो होतो. दोन ट्रान्झिस्टरचा जुन्या पद्धतीचा फझ. थेट गिटार लावली तर गरम, लोकरीसारखा. बॉक्समधून कोरा ट्रॅक दिला तर काचा घासल्यासारखा.

लेव्हल तर मोजून ठेवलेली. मग उरला इम्पीडन्स. या फझचं इनपुट इतकं कमी इम्पीडन्सचं असतं की पिकअपची कॉइल त्याच्या सर्किटचा भागच होऊन जाते. गिटारचं व्हॉल्यूम थोडं कमी केलं की फझ स्वच्छ होतो, तेही त्यामुळेच. बॉक्सचं आउटपुट पिकअपपेक्षा कितीतरी कमी इम्पीडन्सचं, म्हणून फझला समोर गिटार आहे असं वाटतच नाही.

दुसरा स्विच दाबला, १० किलोओहम वाटेत आला. कर्कशपणा लगेच उतरला. पूर्ण गिटारसारखा मात्र झाला नाही, कारण नुसता रेझिस्टर म्हणजे कॉइल नव्हे. पिकअपचा अडथळा वरच्या फ्रिक्वेन्सीला वाढत जातो, रेझिस्टरचा तसाच राहतो. मग ११ जानेवारीची नोंद आठवली. डीआय उलटा लावला, फेडर खाली, आणि लेव्हल पुन्हा त्याच पद्धतीने जुळवली. हिस्स थोडा आला, फझखाली झाकला गेला. आवाज लोकरीचा! सहावी चाल उलट्या डीआयमधूनच घेतली.

एक उणीव राहिली ती राहणारच. शेवटच्या लांब सुराला मामा स्टेजवर ॲम्पकडे वळायचे आणि सूर गिटारमधूनच पुन्हा उगवायचा, फीडबॅक होऊन. रीॲम्पिंगमध्ये गिटार खोलीत नसते, तारेपर्यंत ॲम्पचा आवाज पोहोचतच नाही. सूर जिथे विरतो तिथे विरतो. मी त्याला काही लावलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

मामा, मामी, मावसभाऊ, सगळे माझ्या खोलीत. सहाही चाली सलग. मामा खुर्चीत, डावा हात मांडीवर, बोटं पुरती वळत नाहीत तरी प्रत्येक कॉर्डला हलत होती. मामी गाणी ऐकत नव्हत्याच, त्या हाताकडेच बघत होत्या.

दुसऱ्या चालीत एक चुकीचा सूर आहे. मी विचारलं, काढू का, बाजूच्या बारमधून उचलून बसवता येईल.

"ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "त्या दिवशी त्योच वाजला हुता."

पाचवीचा ऱ्हिदम दोन डीबी कमी करायला सांगितला, केला. सहावीचा शेवट दोनदा ऐकला, काही बोलले नाहीत.

कोरे आठ ट्रॅक दोन वेगळ्या डिस्कवर ठेवले. सोबत एका फाईलमध्ये गेनचा फोटो, उणे १८ चा मोजणीचा सूर, बॉक्सचं सर्किट, माइकच्या जागा, पॉटवरच्या लाल रेघेचा फोटो. जाताना मामांनी ॲम्प इथेच ठेवायला सांगितला. मावसभावाची मुलगी १३ वर्षांची आहे, शनिवारपासून गिटार घेऊन येणार म्हणते. तिच्यासाठी खुर्ची थोडी बुटकी लागेल.